देव्हाऱ्यातले काळे मणी

ती घटना आजही आठवते, त्या सकाळच्या हारतुऱ्यांसकट. जळगावातल्या एका बड्या सराफाने ‘जबाबदार सोने’ नावाचे दालन उघडले होते. सोने कोणत्या खाणीतले, हिरा कुठल्या देशातला, तिथल्या मजुरांना कसे वागवतात, सगळ्याचे परदेशी प्रमाणपत्र काचेत लावलेले. बंदोबस्ताला मी होतो. भाषणे लांबली.

परतलो तर ठाण्यात चोपड्याकडच्या एक अक्का बसल्या होत्या. बसस्थानकाजवळ मोटारसायकलवरून आलेल्याने त्यांची सोनपोत ओढून नेली होती. गळ्यावर लाल वळ होता, पण त्या बोलत होत्या पोतीबद्दलच.

“सायेब, मन्ही सासूनी पोत शे ती. दोन पोवळा तिनी सोताना हाते ओवेल शेतस.”

गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याने गॅरेजमधून फोन केला. “साहेब, भर उन्हाळ्यात एका गाडीला चिखल लागलाय. तोही फक्त नंबरप्लेटला.”

गाडीवाला सापडला. पहिल्या तासात तो माझ्याशी फक्त हवामानावर बोलला, दुसऱ्यात गलाईवाल्याचे नाव सांगितले. गलाईवाला म्हणजे जुने दागिने वितळवून त्यांची लगड करून देणारा. त्याचे दुकान नव्या दालनाच्या मागच्याच गल्लीत होते.

पंचांना घेऊन गेलो. गलाईवाला शांत होता.

“भट्टीत गेलं की सगळं सोनं एकच, साहेब. त्याला नाव कुठून असणार?”

कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचे बोलत नव्हता. ओळख पटवायची कशावरून? तेवढ्यात देव्हाऱ्याकडे लक्ष गेले. देवासमोर लाल कापडाची पुरचुंडी, वर ताजे फूल.

“त्यात काय?”

“काळे मणी. पोती आटवायला येतात त्यातले. सौभाग्याची वस्तू, कचऱ्यात कशी टाकू? तापीत सोडतो.”

“आणि ज्या बाईचं सौभाग्य, तिची चौकशी केलीस?”

त्याने पुरचुंडीवरचे फूल नीट केले. चोरीचे सोने विनातक्रार वितळवणाऱ्या या माणसाला मणी फेकण्याचे पाप नको होते.

पंचांसमोर पुरचुंडी सोडली. मण्यांत दोन पोवळी होती. ठाण्यात ती इतर पोवळ्यांत मिसळून ठेवली, तरी अक्कांनी लगेच ओळखून उचलली. मग गलाईवाल्याने सांगून टाकले, की लगड कालच पुढच्या दालनात गेली.

सराफशेठ चिडले. “आमचं सोनं जबाबदार आहे, साहेब.”

“कोणाला?” मी विचारले.

खाणीपर्यंत पोहोचलेली त्यांची चौकशी मागच्या गल्लीत गेलीच नव्हती. लगड जप्त झाली.

पुढे न्यायालयाने ती अक्कांना परत दिली. शेठ रागावले तरी शहाणे निघाले. जुने सोने घेताना विकणाऱ्याची ओळख, दागिन्याचा फोटो आणि काही दिवस थांबूनच गलाई, असा नियम त्यांनी केला. गल्लीतल्या इतरांनाही तो घालून दिला. प्रमाणपत्रांना मी फारसा भाव देत नाही. पण माणसाच्या मनात कुठेतरी एक देव्हारा असतो आणि तपास तिथून सुरू करता येतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

त्याच लगडीची नवी पोत शेठनी मजुरी न घेता घडवून दिली. मणी जुनेच. अक्कांनी पोवळी चाचपून पाहिली आणि शेठना विचारले, “आते इचारतस का, कोनं शे ते?”

“विचारतो, अक्का. सगळ्यांना.”

“मंग नातनं लगीन ठरनं का सोनं लेवाले आठेच येसूत.”