चुलीवर टांगलेली कणसं

कणीस भाजल्याचा वास आला की अजूनही मी तिथून उठून जाते.

१९६०च्या दशकात चौलच्या आमच्या वाडीत ग्रामसेवकाने दिलेला हायब्रीड मका माणसाच्या डोक्यावर गेला. सासूबाईंनी हौसेने त्यातली थोराड कणसं निवडून बियाण्यासाठी चुलीवर धुरात टांगली. पुढच्या पेऱ्यात मात्र मक्याचं एक ताट कमरेएवढं, शेजारचं गुडघ्याएवढं. कणसांत दाणे विरळ.

"युरिया तर तेवढाच घातला व्हता!" सासूबाई ग्रामसेवकाला म्हणाल्या.

"मावशी, हायब्रीडचं बी धरायचं नसतं, दरसाल नवं आणायचं," ग्रामसेवक मान खाली घालून म्हणाला. "सांगायचं राहिलं."

"मग आपलं जुनंच पेरूया," मी म्हटलं.

"कुठलं जुनं?" सासूबाई म्हणाल्या. नव्याच्या भरवशावर जुन्या मक्याचं शेवटचं कणीसही आम्ही निखाऱ्यावर भाजून खाल्लं होतं.