हेडसरांचा बाम आणि माझं लाल पेन

आता तुम्ही हसणार हे माहीत आहे, तरी सांगते. मराठी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले आणि आठवीतल्या एका पोरीनं भर सभेत माझी विकेट काढली. चहा घ्या आधी.

पोरांच्या निबंधाखाली मी वर्षानुवर्षं एकच शेरा मारते, 'प्रयत्न चांगला. स्वतःच्या शब्दांत लिही.' हात इतका बसलाय, की एखाद दिवशी वाण्याच्या चिठ्ठीखालीही लिहीन.

तर मनीषनगरच्या आमच्या शाळेतून हेडसर निवृत्त होणार होते. निरोपाचं भाषण मी मुद्दाम रुचिताला दिलं. यंदाच पारशिवनीहून आलेली, वर्गात तोंड न उघडणारी पोर. म्हटलं, लिहिती होईल, जरा धीट होईल. तिनं लिहून आणलं. पहिलंच वाक्य, 'हेडसर यायच्या आधी त्यांच्या बामचा वास येते.'

समोर संस्थेचे अध्यक्ष बसणार आणि ही सरांचा वास सांगणार? मी लाल पेन उचललं. बाम गेला, 'ज्ञानाचा अथांग सागर' आला. सर पोरांच्या डब्यातली भाजी चाखायचे, तेही गेलं. 'पुत्रवत प्रेम' आलं. तिचं काय उरलं म्हणता? शेवटचं 'धन्यवाद'. त्याचंही मी 'शतशः धन्यवाद' केलं, आणि स्वच्छ प्रत काढून तिच्या हातात ठेवली.

तिनं हळूच विचारलं, "मॅडम, माह्यं काहीच चांगलं नव्हतं का?"

मी घाईत होते. थोडंसंच सुधारलंय गं, म्हणून मोकळी झाले. तिचा चेहरा उतरला होता, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

कार्यक्रमात ती माझा सागर वाचू लागली. सर परिपत्रक ऐकावं तसे ऐकत होते. अध्यक्षांनी जांभई दिली. टाळ्या झाल्या, पण पोर माइकपासून हलेना.

"सर, हे मॅडमचं होतं," ती म्हणाली. "आता माह्यं वाचू का?"

तिनं खिशातून तिचा जुना कागद काढला, माझ्या लाल रेघांसकट. बाम आला. डबे आले. आई आजारी म्हणून ती शाळेत येत नव्हती, तेव्हा सर दुखरे गुडघे घेऊन तिच्या घरचे जिने चढले होते, ते आलं. जिन्यात बामचा वास आला आणि तिला वाटलं, आपल्यासाठी कोणीतरी आलं.

हे मी खोडलं होतं, बरं का! चांगलं वाचून, समजून खोडलं होतं. फार वाईट वाटलं मला.

सर हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. अध्यक्षही जागे झाले.

नंतर सरांनी दोन्ही कागद मागून घेतले. जाताना माझ्याजवळ थांबले.

"पोरीचं मी ठेवून घेतो, बाई. हे तुमचं घेऊन जा."

मी चष्मा लावला. माझ्या सुवाच्य भाषणाखाली सरांच्या अक्षरात, लाल शाईत लिहिलं होतं, 'प्रयत्न चांगला. स्वतःच्या शब्दांत लिहा.'