धूर दोन्ही डोळ्यांना लागतो

मोहाच्या दिवसांत आमच्या गावात लाल डोळ्यांचं कुणाला काही वाटत नाही. मोहाची वेचायची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची पानं आधी जाळून जमीन साफ करतात. वनखात्याचे लोक ओरडतात, गाव मान डोलावतं आणि पानं जाळतं. मोहं सरेपर्यंत सगळीकडे धूर असतो आणि जो तो डोळे चोळत फिरतो. माझ्या बाबांचा डोळा या धुरातच लपून राहिला.

बाबांची कंबर सकाळी धरलेली असायची. भिंतीला हात लावत ते अंगणात येत, ऊन चढेपर्यंत वाकलेलेच राहत, मग कामाला लागले की मोकळे होत. पण धानाची रोवणी करणाऱ्या गावात कंबर कुणाची दुखत नाही? शेजारी थट्टा करायचे, "भाऊ, असा वाकून जंगलात जाऊ नोको, वाघाले जनावर वाटन." ती थट्टा अर्धीच होती. खाली वाकून मोहं वेचणाऱ्यावर वाघ झेप घेतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पुढे पुढे आई त्यांना बांधावरच्या झाडांपलीकडे जाऊच देत नसे.

डोळा मात्र त्यांचा एकच लाल व्हायचा, डावा. उजेड सोसायचा नाही. मग ते आतल्या खोलीत, धान साठवायच्या ढोलीमागच्या अंधारात, डोक्यावरून दुपट्टा घेऊन बसून राहत. कुणी विचारलं की म्हणत, "धूर लागला न, दुसरं काय!" आई शेजारच्या बाळंतिणीकडून अंगावरचं दूध मागून आणी आणि त्यांच्या डोळ्यात घाली. काही आठवड्यांनी डोळा निवायचा. तोवर मोहही सरलेला असायचा. दुधानं गुण आला, धूर गेला, असं सगळे म्हणत आणि पुढच्या मोहापर्यंत विषय संपे. धूर दोन्ही डोळ्यांना लागतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

हळूहळू त्या डोळ्याची बाहुली गोल राहिली नाही. उंदरानं भाकरी कुरतडावी तशी एका कडेनं वेडीवाकडी झाली. शेवटी त्या डोळ्यानं त्यांना उजेड कुठून येतो एवढंच कळे. आणि मग बाया तान्ह्या लेकरांना पदराखाली झाकायला लागल्या. ज्यांच्या दुधानं तो डोळा धुतला होता, त्यासुद्धा. मला त्यांचा अजून राग येतो. बाबांना येत नसे. समोर लेकरू दिसलं की ते स्वतःच तोंड फिरवत. मान वळायची नाही, म्हणून खांद्यापासून सगळं अंगच वळवत. बारशाच्या घरी अंगणापर्यंत जायचे आणि तसेच, सगळ्या अंगानं, मागे फिरायचे. ते वळणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बाबा गेले. मी सिंदेवाहीला शाळेत शिकवायला लागले, संसार झाला, लेक मोठी झाली. माझीही कंबर सकाळी धरायची, ती मी शाळेतल्या खुर्चीच्या नावावर खपवली. मग एका थंडीत माझा उजवा डोळा लाल झाला. शाळेनं ठरवून टाकलं की डोळे आले. "बाई, आमच्याकडे पाहू नोका," म्हणत मंडळी चार हात लांब बसायला लागली. मीही शहाणी, काळा चष्मा लावला आणि मेडिकलमधून थेंब आणले. पण डोळ्याला चिकटा नव्हता. आत ठणका होता आणि खिडकीतला उजेड सुईसारखा टोचत होता.

एका दुपारी लेक मला घरभर शोधत आली. मी सामानाच्या खोलीत, दार लोटून, डोक्यावरून पदर घेऊन बसले होते. ती दारातच थांबली. "आई, अशी काऊन बसून राह्यली?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि स्वतःकडेच पाहिलं. बाबा असेच बसत. पाठ तशीच, पदर तसाच. आणि या थंडीत कुठे धूर नव्हता.

चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी कंबर आखडते का?" माझं डोकं फिरलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी म्हटलं, "मॅडम, मी डोळा दाखवाले आली."

"एकच डोळा लाल आहे, म्हणूनच विचारते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावलं. मणक्याला सूज आणणारा एक वात असतो, तोच कधी कधी डोळ्यातही उतरतो. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सुजतो आणि मागच्या भिंगाला चिकटतो. वेळेवर थेंब पडले तर सुटतो. वारंवार येत राहिलं आणि कुणी पाहिलंच नाही, तर नजर जाते. "घरात कुणाला होतं का?"

मी बाबांची वाकलेली कंबर सांगितली, मग डावा डोळा.

त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले. थोड्या वेळानं मी बाहेरच्या आरशात पाहिलं. बाहुली मोठी झाली होती, पण गोल नव्हती. एका कडेनं कुरतडलेली. माझ्या चेहऱ्यातून बाबा माझ्याकडे बघत होते. मी भ्याले, खरं सांगते. आणि लगेच त्या भ्याल्याचंच रडू आलं, कारण आयुष्यभर लोक त्या डोळ्याला असेच भ्याले होते.

थेंब चालले, कंबरेचं औषध नागपूरहून सुरू झालं. बाहुली सुटली, नजर वाचली. बाबांचीही वाचली असती. मी निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे घराण्यात उतरू शकतं, उतरेलच असं नाही. त्यातलं पहिलं वाक्यच माझ्याबरोबर घरी आलं. तेव्हापासून लेक झोपेतून उठली की मी आधी तिचे डोळे बघते. ती चिडते.

यंदा मोहाला आम्ही दोघी गावी गेलो. बांधावरच्या झाडाखाली भावानं पानं पेटवली होती. लेक डोळे चोळत धुरातून बाहेर आली. मी तिची हनुवटी धरली. "एक का दोन्ही?"

"अवं दोन्ही! धूर लागला न, दुसरं काय!"

तिनं आजोबांना कधी पाहिलेलं नाही. ते शब्द तिच्या तोंडून ऐकताना मला ढोलीमागचा अंधार आठवला. पण डोळे दोन्ही लाल होते, सारखेच. मी देवाचे आभार मानले.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिला हाक मारली. लेक वळली. मान वळली नाही. खांद्यापासून सगळं अंग वळलं.

"मानेले काय झालं?"

"काई नाई. सकारी अशीच धरते, मंग होते मोकळी."

मी हातातली टोपली खाली ठेवली. "चाल, उद्या चंद्रपूरले जाऊ."

"कायले? डोळे तं बरे आहेत माहे."

"बरे आहेत, म्हणूनच."