गुरुमूर्तीरावांची बावीस पानी हरकत

दक्षता हा मोठा विलक्षण गुण आहे. इतर सद्गुण माणसाला स्वतःच्या घरी बसून आचरता येतात. दक्षतेला मात्र दुसऱ्याचे परसू लागते. वेलचेरीचे कैलासवासी गुरुमूर्तीराव हे या गुणाचे साक्षात अधिष्ठान होते.

तांबरमच्या एका कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या या तंजावरी गृहस्थांनी वेलचेरीच्या तळ्याकाठी फिरण्याची वाट व्हावी म्हणून दोनशे सह्या गोळा केल्या होत्या. "तळे सर्वांचे आहे," हे वाक्य त्यांचेच. वाट झाली ती पूर्वेकडच्या घरांच्या परसांना लागून. रोज सकाळी सहाला राव शुभ्र धोतर नि कॅनव्हासचे बूट अशा वेशात तिच्यावर अवतीर्ण होत आणि कुंपणांपलीकडे उपदेश करीत.

"तुळजाक्का, पाचवी शिट्टी झाली. डाळ शिजवताय की विरघळवताय?"

शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या तुळजाबाई स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत. दहा वर्षे त्यांनी ती लावली.

मग वाट पश्चिमेकडे वाढवायचे ठरले. आता ती रावांच्या परसामागून जाणार होती, आणि त्या परसात एक धुण्याचा दगड होता. कनकाबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांची सोवळ्याची नऊवारी लुगडी तिथे स्वतः राव धूत. वॉशिंग मशीन कनकाबाईंच्या सोवळ्याला चालत नसे, परक्या बाईचा हात तर नाहीच. ज्या हाताने तीस वर्षे घंटी वाजवून शिपाई बोलावला, तो हात लुगड्याला साबण फासताना चारचौघांनी पाहावा, ही कल्पना रावांना मरणाहून दारुण वाटे.

जनसुनावणी लग्नाच्या कल्याणमंडपात भरली. राव बावीस पानी हरकत घेऊन उठले. त्यांनी प्रथम बगळ्यांच्या स्वास्थ्याची चिंता वाहिली, मग कासवांची, आणि अखेर गृहस्थाच्या एकांताशी येऊन थांबले. तळे सर्वांचे, हे वाक्य या खेपेस त्यांना आठवले नाही.

"फिरणाऱ्यांची नजर घरात शिरते," ते म्हणाले.

"सर, पुरावा?" महापालिकेच्या तरुण अभियंत्याने नम्रपणे विचारले.

हेडक्लार्ककडे पुरावा मागावा आणि तो नसावा, असे कधी घडले आहे? रावांनी तारीखवार वाचन आरंभिले: मधुमेही उदयसिंहांची दुसरी गोड कॉफी, सुनंदाबाईंच्या दोरीवरचे भोके पडलेले बनियन, तुळजाबाईंचा तीनदा करपलेला उपमा. सभागृह चिडीचूप झाले. राव तो आदर समजले.

तुळजाबाई उठल्या. "राव, हे सगळं पाहिलं कोणी?"

"मी. स्वतः."

"मग फिरणाऱ्यांना कशाला बोल लावता? साऱ्या वेलचेरीत डोकावणारा एकच दिसतो." त्या अभियंत्याकडे वळल्या. "वाट वाढवा, साहेब. त्यांच्या परसामागून न्या. निदान तिथे तरी त्यांना डोकावून पाहावं लागणार नाही."

मंजुरी हशातच झाली. उरलेली एकोणीस पाने रावांनी नीट घडी घालून पिशवीत ठेवली.

वाट खुली झाली त्या सकाळी लुगड्याचे एक टोक खांबाला बांधून राव दुसरे पिळत होते. दिवसभर दार लावून बसावे, असे त्यांच्या मनात आले होते. पण दुसऱ्या दिवशी एकादशी होती आणि कनकाबाईंना सोवळ्याचे लुगडे हवे होते. कुंपणापलीकडे पावले थांबली. तुळजाबाई होत्या. रावांनी मान वर केली नाही. लुगडेही सोडले नाही. दहा वर्षांचे व्याज आता कसे वसूल होते, याची ते वाट पाहत राहिले.

"काठाला अजून साबण आहे, राव," तुळजाबाई हलकेच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

रावांनी काठ पुन्हा खळबळला. त्या दिवसानंतर त्यांनी कोणाच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या नाहीत.

राव गेले त्याला दोन वर्षे झाली. कनकाबाई लेकीकडे सिरुसेरीला राहतात. परसात धुण्याचा दगड आहे. तुळजाबाईंची खिडकी सकाळी उघडी असते.