चूक सांगणारी बाई

एल्विना वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीच्या कला केंद्राची प्रमुख आहे, असं कागदावर लिहिलंय. प्रत्यक्षात मॅनेजर, हमाल, ब्रश धुणारी आणि कुत्री हाकलणारी, सगळं ती एकटीच. पूर्वी दर दोन वर्षांनी शहरातून एक मॅनेजर यायचा. त्याला उन्हाने फोड यायचे, लाल धुळीने त्याचा कॉम्प्युटर बंद पडायचा, आणि मग आम्हीच त्याला चहा पाजून सांभाळायचो. एकोणीस वर्षांपूर्वी असाच एक जण किल्ल्या टेबलावर टाकून निघून गेला. एल्विनाने त्या उचलल्या. निवडणूक-बिवडणूक काही झाली नाही.

मी व्हर्ना, तिची चुलत बहीण. आमचे बाप सख्खे भाऊ, आया वेगवेगळ्या घराण्यांतल्या. कॅनव्हास चौकटीवर ताणून ठोकायचं काम माझं. माझी पन्नाशी उलटली तरी ती मला "ए पोरी" म्हणूनच हाक मारते. नाकावर माशी बसू न देणारी बाई, आणि आमच्याकडे माशा किती! शहरातल्या गॅलरीचा एक माणूस एकदा म्हणाला, जरा निळा रंग जास्त वापरा, लोकांना सोफ्यावर शोभतो. एल्विना त्याला म्हणाली, "मग सोफाच रंगवून देऊ का?" तो गेला तो गेलाच.

आमच्यात चित्र म्हणजे हौस नव्हे. चित्राला गोष्ट असते, गोष्टीला जागा असते, आणि जागेला माणसं असतात. बापाकडून आलेली गोष्ट तुमची. ती तुम्ही काढायची, गायची, घराण्यातल्या पोरांना शिकवायची. आईकडून आलेली गोष्ट तुम्ही नुसती राखायची. राखणदाराने शेजारी बसायचं, बघायचं, आणि चुकलं तर "चुकलं" म्हणायचं. पण हात लावायचा नाही, आणि बरोबर काय ते सांगायचं नाही. सांगणं हे मालकाचंच काम.

घोरपडीच्या पाणवठ्याची गोष्ट एल्विनाच्या आईच्या घराण्याची, म्हणून एल्विना तिची राखणदार. ती बायकांनीच काढायची, आणि काढणारी शेवटची बाई म्हणजे एल्विनाची मावशी. तिचं नाव मी सांगणार नाही. ती वारली, आणि गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. तिच्याच नावाची एक मुलगी दुकानात गल्ल्यावर बसते. तिला आता सगळे 'बिननावाची' म्हणतात आणि ती बिचारी ओ देते.

मावशीची गोष्ट पुढे तिच्या भावाच्या मुलीकडे, रॉझलिनकडे जायची होती. दुसरं कुणी शिकण्याच्या वयाचं नव्हतं. आणि रॉझलिन चारशे किलोमीटरवर, शहरातल्या हॉस्पिटलात चादरी धूत होती. सहा वर्षं एल्विना तिला फोन करत होती. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे केंद्रातल्या सगळ्यांना तो पाठ झाला होता.

"रॉझलिन, म्हातारीचे डोळे चाललेत. ये."

"येते गं ताई. पुढच्या महिन्यात. आत्ता रजा नाही."

"घोरपड तुझ्या रजेसाठी थांबायची नाही."

"हजारो वर्षं थांबलीय की! अजून एक महिना काय जातंय तिचं?"

आम्ही हसायचो. एल्विना फोन आपटायची.

शेवटी तिने कॅमेरा मागवला. अकरा दुपारी मावशीला खिडकीशी बसवून पहिल्या ठिपक्यापासून शेवटपर्यंत सगळं चित्रित केलं. म्हातारी काढत होती, गात होती, मध्येच कुत्र्याला शिव्या देत होती. अकराव्या दिवशी एल्विना म्हणाली, "आता काळजी मिटली." हे वाक्य तिच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच ऐकलं. इतकी हुशार बाई, पण तेवढ्या एका गोष्टीचा विचार तिने केला नाही. किंवा केला असेल आणि मनातून झटकला असेल.

ऑगस्टमध्ये मावशी गेली. सुतक सुरू झालं. केंद्राला पाच आठवडे कुलूप. जमीन डहाळ्यांनी झाडून घेतली. मावशीची चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली. गेलेल्याचा चेहरा बघायचा नसतो, आवाज ऐकायचा नसतो, म्हणून तिचे फोटो, तिचा आवाज आणि ते चित्रीकरण पत्र्याच्या पेटीत बंद झालं. पेटी उघडायची ती तिच्या घराण्यातल्या थोरल्याने सांगितल्यावर. थोरला म्हणजे रॉझलिनचा बाप.

रॉझलिन सुतकाला आली, केस कापले, आणि या वेळी परत गेली नाही. एल्विना तिला घेऊन म्हाताऱ्याकडे गेली. मीही होते.

"पोरगी आलीय शिकायला," एल्विना म्हणाली. "पेटी उघडू का, मामा?"

"अजून नाही. स्वतःचा आवाज ऐकला तर गेलेली मागे वळून बघेल. जाऊ दे तिला आधी."

"किती दिवस?"

"मी सांगेन तेव्हा."

फेब्रुवारीत त्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. सांगायचं राहूनच गेलं. आता त्या घराण्यात रॉझलिनपेक्षा थोरलं कुणी नाही, आणि धाकट्याने पेटी उघडायची नसते. पेटी केंद्रातच आहे, माझ्या खिळ्यांच्या डब्यामागे.

मग नऊ वर्षांची असताना पाहिलेलं आठवून रॉझलिन काढायला बसली. तीन आठवड्यांनी एक चित्र झालं. एल्विनाने पाहिलं. "चुकलं." दुसरं झालं. "चुकलं." रॉझलिनने ब्रश फेकला.

"मग बरोबर काय ते सांग की!"

"ते मी नाही सांगायचं."

"तुला सगळं माहितीय ना?"

"आहे."

"ठिपका अन् ठिपका?"

"हो."

"आणि तू अशीच बसून राहणार? मेल्या म्हशीसारखी?"

एल्विनाने जमिनीवरचा ब्रश उचलून धुवायला घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. रॉझलिनने टपालाच्या गाडीत गुरुवारची जागा सांगून ठेवली, आणि बुधवारी तिसरं चित्र रागारागाने संपवलं. एल्विना त्यापुढे इतका वेळ उभी राहिली की मी हातोडी खाली ठेवली.

"जमलं," ती म्हणाली.

रॉझलिन तिच्या गळ्यात पडून रडली. आम्ही टाळ्या वाजवल्या, कांगारूची शेपटी निखाऱ्यात भाजली. गुरुवारची गाडी रॉझलिनला न घेता गेली. मी ब्रश धुताना विचारलं, "ताई, खरंच जमलं?"

"नाही."

मी नळ बंद केला.

"आज पुन्हा चुकलं म्हटलं असतं तर उद्या ती गेली असती," एल्विना म्हणाली. "मग कोण काढणार? तू? आता राहील. हळूहळू सुधारेन तिला."

पण एकदा जमलं म्हटलेल्याला उद्या चुकलं कसं म्हणणार? ते चित्र शहरात गेलं. सोबतच्या कागदावर रॉझलिनने सांगितलेली गोष्ट एल्विनानेच लिहिली, स्वतःच्या अक्षरात. रॉझलिनने तसंच दुसरं काढलं, मग तिसरं. हात बसला तिचा. एल्विना रोज शेजारी बसायची, बघायची आणि मान डोलवायची. त्या वर्षात ती वाळली. मला तिचा राग यायचा आणि तितकीच कीवही.

गेल्या महिन्यापासून रॉझलिन बुधवारी घराण्यातल्या मुलींना शिकवते. तिच्या भावाची मुलगी शेरिस, आठ वर्षांची, हातभर जीभ असलेली. पाणवठ्यातून निघणाऱ्या वाटा काढत होती. (आकडे मी बदलून सांगतेय. खरे सांगायचा हक्क माझा नाही.)

"चार कुठून काढल्यास?" रॉझलिन म्हणाली. "तीन असतात."

"मला चारच हव्यात."

"हव्यात म्हणजे? बाजार आहे का हा? एल्विनाताई, सांग गं हिला. तीनच ना?"

एल्विना दारात उभी होती. "चुकलं" म्हणायचा पूर्ण हक्क तिचा होता. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सगळ्या पोरी तिच्याकडे बघत होत्या, आणि रॉझलिन हसत होती, आपलं शिकवणं बरोबर आहे याची खात्री असलेल्या माणसासारखी.

"तीनच," एल्विना म्हणाली.

रॉझलिनने चौथी वाट लाल रंगाने बुजवली. शेरिस कुरकुरली, आणि मग तीन वाटा काढून मोकळी झाली.

पोरी गेल्यावर एल्विना मागच्या पायरीवर बसली होती. मी तिला चहा नेऊन दिला. तिने घेतला नाही.

"शेरिसचं बरोबर होतं," ती म्हणाली.

"तिला कुणी दाखवलं?"

"कुणीच नाही. आपोआप आलं होतं तिच्या हातून. आणि ते मी पुसू दिलं."