चार्जर धरून

लॅपटॉप हातात आला की बाकीचे लोक आधी तो उघडतात. आमचे हे दुकानदार उघडत नसत. बंद लॅपटॉप डाव्या तळहातावर ठेवायचे, त्याचा चार्जर उजव्या तळहातावर, डोळे मिटायचे आणि देवाला नैवेद्य दाखवावा तसे दोन्ही हात सावकाश वरखाली करायचे. गिऱ्हाइकाने वजनाचा आकडा सांगितला की एक डोळा उघडून विचारायचे, "चार्जर धरून की सोडून?"

जाहिरातीतल्या वजनात चार्जर नसतो, आणि गेमिंग लॅपटॉपचा चार्जर म्हणजे अर्धी वीट असते, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलेलं नसायचं.

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या ओळीत त्यांचं दुकान होतं. मागचा अर्धा भाग वडिलांचा, म्हणजे पोत्यांचा. पुढचा अर्धा यांचा, म्हणजे कॉम्प्युटरचा. पंख्यात धूळ जाऊ देऊ नका, असं प्रत्येकाला बजावणारा हा माणूस कोल्हापुरातल्या सर्वांत धुळकट दुकानात बसायचा, आणि बोलता बोलता कीबोर्डवरचा कोंडा फुंकायचा.

मी गेले ती वही घेऊन. माझी सगळी कामं वहीत असतात. झालं की बरोबरची खूण. मुलीला पुण्यात गेम डिझाइनला प्रवेश मिळाला होता. कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे होते. अडचण एकच होती, पण मोठी. आदल्या वर्षी स्कूटरवरून पडून तिचा उजवा खांदा मोडला होता. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोजचं ओझं जपून. हॉस्टेलपासून कॉलेजपर्यंत वीस मिनिटं चालायचं, वर तीन जिने, आणि मशीन रोज न्यायचंच. खांदा पुन्हा दुखावला तर वर्ष जाणार होतं. वहीत मी चौदा मुद्दे काढले होते आणि पाच मॉडेलं. पहिल्या नंबरवर मोठ्या स्क्रीनचं, सगळ्यांनी नावाजलेलं, दोन किलो तीनशेचं.

वहीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मुलीला विचारलं, "गेम खेळणार की करणार?"

"दोन्ही," ती म्हणाली.

"खरं बोलली. बसा." मग माझ्याकडे वळून, "ताई, उचलणार कोण?"

"हीच."

"मग वही तुमची कशाला?"

त्यांची पद्धत तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. तुम्ही मॉडेल सांगायचं. ते मागे जाऊन वडिलांच्या तराजूत, चार्जर धरून, तेवढ्याच वजनाची ज्वारी तोलायचे, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायचे, जुन्या सॅकमध्ये भरायचे आणि वजनाची चिठ्ठी वर टाचायचे. ती सॅक तुम्ही आठ दिवस वाहायची. रोज, जिथे लॅपटॉप नेणार तिथे. आठ दिवसांनी परत आणायची. तोवर लॅपटॉप मिळणार नाही.

"आणि मध्ये सेल संपला तर?" मी विचारलं.

"दुसरा लागंल की. खांद्याचा सेल लागत न्हाय."

आमच्या सॅकवर चिठ्ठी लागली: दोन किलो नऊशे. मी वहीत लिहिलं होतं त्यापेक्षा सहाशे ग्रॅम जास्त. मला ते फसवल्यासारखं वाटलं, पण कुणी फसवलं ते सांगता येईना.

आम्ही थांबलो होतो तेवढ्यात कोडोलीचे एक गृहस्थ पुतण्यासाठी घेतलेली सॅक परत द्यायला आले. दूध संकलनावर कामाला, आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा.

"मालक, ज्वारी लई जुनी हाय तुमची!"

"पावणं, वाहायला दिलती. खायला न्हाय."

"आता संपली की वो."

ते रागावतील असं मला वाटलं. ते उठले, नवी सॅक भरली आणि त्यांच्या गळ्यात घातली. "आता उपाशी ऱ्हावा आठ दिवस."

मी हसले. हे आठवलं की अजून लाज वाटते.

मुलगी रोज सॅक घेऊन चालायची. सकाळी रंकाळ्याला अर्धी फेरी, मग आमच्या इमारतीचे जिने तीनदा. शेजारणीने विचारलं, पोरगी ट्रेकला निघाली का? मुलगी म्हणाली, "नाही, ज्वारी फिरवायला." मी रोज संध्याकाळी नोंद करत होते: दुखणं नाही. दुखणं नाही. आठही दिवस. माझ्या पहिल्या नंबरला मी मनातल्या मनात पेढा भरवला.

आठव्या दिवशी दुकानात गेलो. मी म्हटलं, "काही त्रास नाही. हेच द्या."

त्यांनी सॅक उघडली, पिशव्या पारड्यात ठेवल्या. पारडं वरच राहिलं. वजनं काढत काढत ते अडीच किलोवर आले.

"ताई, चारशे ग्रॅम कुठं गेलं?"

मी मुलीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, म्हणाले, "काढलीस ना? जड होत होतं तर सांगायचं."

तिचा चेहरा उतरला. "मी नाही काढली."

"पोरीनं न्हाय काढली," ते म्हणाले. "पोरं काढतात तवा वरनं ढिली करतात. ही मधली पिशवी हाय, आणि गाठ बघा. घरच्या बाईची गाठ हाय."

मुलीने माझ्या हातातली वही घेतली, पानं उलटली आणि वाचून दाखवलं, "गुरुवार. दळण. बरोबरची खूण. खाली लिहिलंय: ज्वारी कमी पडली, सॅकमधली घातली. परत भरणे." मग वर पाहून म्हणाली, "इथे खूण नाही, आई."

सॅक आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, गिरणीचा डबा भरताना तो थोडा रिकामा राहिला होता. सॅक समोर होती. त्या रात्रीच्या भाकरी छान झाल्या होत्या. कोडोलीच्या गृहस्थांना निदान लपवायचं सुचलं नव्हतं; मी तर नोंद करून विसरले होते, आणि वर मुलीवर आळ घेतला होता.

ते मला बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी चारशे ग्रॅम ज्वारी घातली, पारडी सरळ केली आणि सॅक मुलीच्या हातात दिली. "आता खरं वजन. दुखलं की थांबायचं, आणि आईला न्हाय, मला सांगायचं."

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला केस विंचरायला हात वर नेता येईना. ती आरशासमोर कंगवा धरून उभी होती. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून पातळ मशीन काढलं. एक किलो सहाशे, चार्जर धरून दोन किलो. आणि विकायचंच नसल्यासारखं त्याचे दोष सांगत बसले. "पातळ हाय म्हणजे तापणार. पंखा गिरणीवानी वाजणार. स्क्रीन ल्हान. ह्यात रॅम नंतर वाढवता येत न्हाय, जी घ्यायची ती आत्ताच घ्या. गादीवर ठेवायचं न्हाय, श्वास कोंडतो त्याचा. चार्जर घरी ऱ्हायला तर गेम दीड तासात आटोपला."

"मग घ्यायचं कशाला?" मी विचारलं.

"तापलं तर बाजूला ठेवता येतं, ताई. खांदा कुठं ठेवणार?"

तरीही सॅक भरलीच. दोन किलोची. या वेळी मी स्वयंपाकघरात गेले की मुलगी सॅक आपल्या खोलीत नेऊन ठेवायची. आठ दिवस झाले, खांदा शांत राहिला. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घरी आला. घाईत सॅक न्यायची राहिली; त्यांनी तरीही लॅपटॉप दिला. मी वहीत लिहिलं: ज्वारीची सॅक परत.

लॅपटॉप घेऊन दुकानातून निघताना मी त्यांना एक विचारलं होतं. तुमची ज्वारी वाहून लोक लॅपटॉप दुसरीकडे, ऑनलाइन घेत नाहीत का?

"घेतात की. निम्मे तरी." कीबोर्डवरचा कोंडा फुंकत ते म्हणाले, "खांदा तर वाचला?"

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. मशीन तापतं, पंखा वाजतो, स्क्रीन लहान आहे. त्यांनी सांगितलेला एकही दोष खोटा निघालेला नाही. खांदा दुखत नाही. तिने पहिला स्वतःचा गेम केला, त्यात एक माणूस पाठीवर पोतं घेऊन जिने चढतो आणि वरच्या पायरीवर तराजू असतो. तो त्यांना दाखवायचा होता. सुट्टीत येईल तेव्हा जाऊ, सॅकही देऊ, असं आम्ही ठरवलं. वहीत दीड वर्ष त्या ओळीपुढे खूण नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मला महिनाभराने गिरणीत कळलं.

सॅक घेऊन मी एकटीच गेले. पुढच्या भागातली काचेची कपाटं रिकामी होती. मागे पोत्यांपाशी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. काही बोलायच्या आधी माझ्या हातातल्या सॅककडे पाहून त्या म्हणाल्या, "तुमी बी व्हय?"

बाकावर ओळीने, लोकांनी आणून दिलेल्या अकरा सॅका होत्या. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर वजन आणि खाली "चार्जर धरून". बाराव्या सॅकचे मालक आम्ही.

मी सॅक दिली. त्यांनी ती उघडली, पिशव्या पारड्यात ठेवल्या. न विचारता, सवयीने. पारडं थोडं वर राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी ते पाहायचे तसं.

"किड्यांनी खाल्लं," मी म्हटलं. "या वेळी खरंच."

त्या हसल्या नाहीत. पोत्यात हात घालून त्यांनी मूठभर ज्वारी काढली आणि सावकाश सोडत राहिल्या. पारडी सरळ झाली तेव्हा मुठीत उरलेले चार दाणे परत पोत्यात टाकले, गाठ मारली आणि सॅक बाकावर बाराव्या जागी ठेवली.