खंडेनवमीचा हेडसेट

इंदूताई गेल्याचं कळलं ते फोनवरच. तिच्या धंतोलीतल्या घरमालकीणबाईंनी सकाळी नंबर फिरवला, आमच्याकडे घंटी वाजली, आणि दोन वाक्यांत सगळं सांगून झालं. रात्री झोपेतच गेली म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निरोपांच्या मधे बसलेल्या बाईचा निरोप आला तेव्हा मधे कोणीच नव्हतं. मी रिसीव्हर ठेवला आणि उगाचच तो पदराने पुसत बसले.

ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी नवीन लागले तेव्हा तिच्या शेजारची खुर्ची मला मिळाली. एका कानावर काळी वाटी, छातीवर टेकलेला भोंगा आणि समोर दिव्यांचा, दोऱ्यांचा लांबच लांब बोर्ड. दिवा लागला की प्लग खोचायचा, ‘नागपूर’ म्हणायचं, आणि पुढचा माणूस मागेल ते गाव जोडून द्यायचं. बोर्डावर इंदूताईची भाषा अगदी पुस्तकातली असे. आमच्याशी बोलताना मात्र ती थेट तिच्या गावच्या, नरखेडच्या बोलीवर यायची. पहिल्याच आठवड्यात, लाइनवर कोणी बोलत नाही म्हणून मी दोरी ओढायला गेले, तर तिनं माझा हात धरला. “पलीकडच्यानं ठेवल्याबिगर दोरी काढायची नाही वं. चूप बसला असन तर बसू दे. रडून राहिला असन तो.” मला तेव्हा हे जरा अतीच वाटलं होतं. दोन दिवसांनी एका चूप लाइनवर खरंच कोणाचा तरी हुंदका ऐकू आला, आणि मग मी तिच्याशी वाद घालणं सोडून दिलं.

खंडेनवमीला आमच्याकडेही पूजा व्हायची. शेतकऱ्याचा वखर, शिंप्याची मशीन, तसे आमचे हेडसेट. बंद पडलेल्या एका बोर्डापुढे पाट मांडून सगळ्याजणी आपापले हेडसेट ताटात ठेवत. हळदीकुंकू, झेंडूची फुलं, गूळखोबरं. कुंकू भोंग्याच्या भोकांत जाऊ नये म्हणून सुपरवायझरबाई डोळ्यांत तेल घालून उभ्या असत. पूजेला लावलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, दसऱ्याला सकाळी उचलायची. पण ट्रंक कॉल काही नवमी बघून येत नाहीत. कोणीतरी बोर्डावर बसायलाच हवं, आणि ती कोणीतरी दरवर्षी इंदूताई असे. “तुम्ही जा वं घरी. तुमची वाट पाहून राहिले असतील. माही वाट कोण पाह्यते?” असं ती हसून म्हणायची, आणि आम्हीही हसून निघायचो. लग्न केलं नव्हतं तिनं. भाऊ गावाकडे संत्र्याच्या बागेत रमलेले. सुपरवायझरबाई ताट घेऊन तिच्यापर्यंत येत, तेव्हा ती कोणाला तरी ‘होल्ड ऑन’ सांगत कपाळ तेवढं पुढे करी. सगळ्यांचे हेडसेट ताटात, तिचा तिच्या डोक्यावर… इतक्या वर्षांत त्याला कधी कुंकू लागलं नाही.

निवृत्त होताना कंडम म्हणून मोडीत निघालेल्या सामानातला तो हेडसेट तिनं रीतसर मागून घेतला. घरी फोन नव्हता तिच्याकडे, कधीच नव्हता. त्या वर्षी दसऱ्याला सकाळी मी तिला जेवायला बोलवायला गेले. दार उघडंच होतं. खिडकीशी खुर्ची, पाटावर आदल्या दिवशीची सुकलेली फुलं, आणि इंदूताई हेडसेट घालून भिंतीकडे तोंड करून बसलेली. प्लग मांडीवर लोंबत होता. “नागपूर,” ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा, “नागपूर…”

मला हसू आलं, आणि लगेच विरलंही.

“हसू नको वं,” ती मागे न वळता म्हणाली. “पूजेची वस्तू दसऱ्याले उचलली का थोडं तरी काम करा लागते. बाबा वखराची एक फेरी मारत. पण मी काम कोणासंगं करू?”

मी पलंगावर बसले आणि म्हटलं, “वर्धा द्या.” तिची पाठ एकदम ताठ झाली. “नंबर सांगा. लाइन व्यस्त आहे, प्रतीक्षा करा.” आणि मला खरंच थांबवून ठेवलं. मग जोडून दिलं, कॉलची तीन मिनिटं संपल्याची सूचना दिली, आणि मी “ठेवते” म्हटल्यावरच हेडसेट काढून खुंटीला लावला. त्यानंतर प्रत्येक दसऱ्याला हेच. कधी मी अमरावती मागे, कधी चिडवायला लंडन. लंडन जोडायला दिवसभर लागेल, असं ती सांगायची. माझी मुलं म्हणत, आई, म्हाताऱ्या बायका खेळतात काय. खेळ तो नव्हताच. वर्षातून एकदा तिच्या त्या ‘नागपूर’ला कोणीतरी उत्तर द्यायचं, एवढंच होतं.

यंदा ती दसऱ्याच्या थोडं आधी गेली. खोली रिकामी करायला पुतण्या आला होता, चांगला मुलगा. भांडी, गादी बांधून झाल्यावर त्यानं खुंटीवरून हेडसेट काढला. “हे काय होय मावशी?” मी म्हटलं, आत्याचं कामाचं सामान आहे. “मंग तुमीच ठेवा,” तो म्हणाला.

नवमीला मी तो आमच्या शिलाई मशीनच्या शेजारी पाटावर ठेवला, कुंकू लावलं. दसऱ्याला सकाळी आधी मशीनवर एक टीप मारली. मग हेडसेट उचलून डोक्यावर चढवला. वाटीला तिच्या खोबरेल तेलाचा वास होता. “नागपूर,” मी म्हटलं. इतकी वर्षं दसऱ्याला मी पलीकडून गावं मागत आले. पलीकडे कोणी नसताना अलीकडे बसून हा शब्द म्हणताना किती एकटं वाटतं, ते मला यंदा कळलं. कोणी वर्धा मागितलं नाही, अमरावती मागितलं नाही… सून दोनदा चहाला बोलावून गेली. पण पलीकडून कोणी “ठेवते” म्हणणार नव्हतं, आणि त्याशिवाय दोरी कशी काढायची, हे इंदूताईनं मला शिकवलं नव्हतं.